उवा परत परत येतायत? आधी सापडलेल्या उवेचा आकार बघा

डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत आमच्याकडे तीनदा उवा झाल्या. घर सिंहगड रस्त्यावर, माणसं चार. मुलगी चौथीत, केस कमरेपर्यंत, शाळेत दोन वेण्या रिबिनींसकट वर बांधलेल्याच हव्यात. तीनदा औषध लावलं, तीनदा "गेल्या बाई एकदाच्या" म्हणत फणी कपाटात टाकली. आणि तीनदा सकाळी साडेसहाला, खाली रिक्षावाले काका हॉर्न मारत असताना, भांगाच्या पांढऱ्या रेघेवरून काहीतरी तुरूतुरू पळालं.

दर वेळी माझा निष्कर्ष एकच होता: औषध बोगस. मग दुसरं औषध, शेजारच्या काकूंचा उपाय, कुणीतरी फॉरवर्ड केलेला तेलाचा नुसखा.

मी घरून छोट्या दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब करते. तिथे ताळा जुळला नाही तर मी कधी "सॉफ्टवेअर बोगस" म्हणत नाही. फरक कितीचा आलाय ते बघते. फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा दोन आकडे उलटसुलट पडलेत. एखाद्या रकमेच्या बरोब्बर दुप्पट असेल तर ती नोंद जमेऐवजी नावे गेलीये. चूक कुठे झाली ते फरकाचा आकडाच सांगतो. हेच डोकं घरातल्या डोक्यांसाठी वापरायला मला दोन महिने लागले. इथे फरकाचा आकडा म्हणजे फणीत सापडलेल्या उवेचा आकार.

खसखस, ओवा, तीळ

लिखेतून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. ते तीनदा कात टाकतं. मधल्या वयात ओव्याच्या दाण्याएवढं दिसतं आणि पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, म्हणजे दोन ते तीन मिलिमीटर. लीख घातल्यापासून ती फुटायला साधारण सात ते नऊ दिवस लागतात. पिल्लाचा तीळ व्हायला पुढे आणखी सात ते बारा. मोठी झालेली मादी रोज सहा ते आठ लिखा घालते आणि डोक्यावर महिनाभर जगते. डोक्यावरून खाली पडली, की एक-दोन दिवसांत मरते, कारण तिला दिवसातून बऱ्याच वेळा रक्त प्यावं लागतं. तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. बहुतेक वेळा केसाला केस लागला की ती इकडून तिकडे चालत जाते.

एवढं माहीत असलं की आकारावरून तारीख काढता येते. औषध लावलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिन्ही आकारांच्या उवा पूर्वीसारख्याच पळतायत? मग औषधाने काम केलेलंच नाही. आठ-दहा दिवस शांत गेले आणि मग फक्त खसखस दिसायला लागली? औषधाने उवा मेल्या, लिखा राहिल्या, त्या आता फुटतायत. आणि दोन-अडीच आठवडे फणी कोरी येत असताना अचानक एक अख्खा तीळ? तीळ तिळाएवढा जन्माला येत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर वाढून तुमच्याकडे चालत आलाय.

या तीन गोष्टींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. आमच्याकडे तीन फेऱ्यांत हे तिन्ही प्रकार ओळीने झाले.

आकार बघायचा तर आधी ऊ हातात यायला हवी, आणि कोरड्या केसांत ती येत नाही. उजेड पडला की ती पळते. केस ओले करायचे, भरपूर कंडिशनर चोपडायचं, आधी साध्या कंगव्याने गुंता काढायचा, मग चार भाग करून एकेक बट मुळापासून टोकापर्यंत बारीक फणीने ओढायची. कंडिशनरने ऊ मरत नाही, पण थोडा वेळ जागच्या जागी थबकते आणि फणीत येते. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या टिश्यूवर पुसायची. फणी बारीक म्हणजे खरोखर बारीक हवी, दोन दातांमधली फट ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी. तुळशीबागेत मिळणारी दुतर्फा लाकडी फणी चालते, पण तिचे दात महिन्याभरात फाकतात. स्टीलची लांब दातांची फणी जास्त टिकते. लाकडी फणीबद्दल सासूबाईंना भारी जिव्हाळा, म्हणून त्यांना मी इस्रायलमधल्या लाखीशला सापडलेल्या हस्तिदंती फणीबद्दल सांगितलं. ती साधारण इसवी सनपूर्व १७०० ची. एका बाजूला सहा जाड दात गुंता सोडवायला, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक दात उवांसाठी. तिच्यावर सतरा अक्षरं कोरलीत, ती २०२२ मध्ये वाचली गेली: या सुळ्याने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा अर्थाची. दातांच्या बेचक्यात एका पिल्लाच्या कवचाचा अवशेषही मिळाला. "म्हणजे आपलीच फणी," एवढंच सासूबाई म्हणाल्या. चुकलं काहीच नाही त्यांचं.

फणीत आलेली ऊ नखाने चिरडायचा मोह होतो, तो टाळा. मी तिला सेलोटेपवर घेऊन, कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात चिकटवायला लागले. नवऱ्याने त्या भिंतीकडे बघणं सोडलं. सासूबाई एकादशीच्या चौकोनात "ते" बघून भडकल्या, तेव्हापासून एकादशी-चतुर्थीचे नमुने मागच्या पानावर, जिथे राशिभविष्य असतं तिथे. पण महिनाभराने त्या पानासमोर उभं राहिलं की सगळा हिशेब एका नजरेत दिसायचा.

पहिली फेरी: औषध केसाला लागलंच नव्हतं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलीचं डोकं खाजायला लागलं. मला वाटलं, गेल्या चार दिवसांतली गोष्ट असेल. मग तिच्याच कंपासपेटीतली पट्टी लावून लिखांचं टाळूपासूनचं अंतर मोजलं. लीख नेहमी टाळूला खेटून घातली जाते, कारण तिला तिथली ऊब लागते. पुढे केस वाढतो तशी ती चिकटलेल्या जागीच राहून वर वर जाते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. सगळ्यात वरच्या लिखा दीड सेंटिमीटरवर होत्या, म्हणजे सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज यायला चार ते सहा आठवडेसुद्धा लागतात. ती खाज चावण्याची नसते, उवेच्या लाळेची ॲलर्जी असते. म्हणजे आपल्याला कळतं तेव्हा संसार मांडून झालेला असतो.

औषधाच्या दुकानातून १ टक्का पर्मेथ्रिनचं लोशन आणलं. (आकडा बघून घ्या. ५ टक्क्यांची क्रीम खरजेसाठी असते. मला आधी तीच दिली होती, घरी येऊन वाचल्यावर बदलून आणली.) आदल्या रात्री सासूबाईंनी नातीला खोबरेल तेलाने चंपी करून दिली होती. तेवढ्याच तेलकट केसांवर मी लोशन लावलं. बाटली महाग म्हणून अर्धीच वापरली, कमरेपर्यंतच्या केसांना. दहा मिनिटांनी धुतलं आणि लगेच केस मऊ व्हावेत म्हणून शाम्पू, कंडिशनर, सगळं केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खसखस, ओवा, तीळ, सगळी मंडळी हजर आणि ठणठणीत.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषध बदललं नाही, लावायची रीत बदलली. आधी कंडिशनर नसलेल्या शाम्पूने केस धुवायचे. तेल आणि कंडिशनरचा थर केसावर असला की औषध मुळापर्यंत पोचत नाही. टॉवेलने टिपून केस दमट ठेवायचे, नुसते गळते ओले नाहीत. कानामागे आणि मानेवर, जिथे उवा सगळ्यात जास्त असतात, तिथून सुरुवात करून मुळापासून टोकापर्यंत. लांब केसांना दोन बाटल्या लागल्या तर लागल्या. दहा मिनिटं, घड्याळ लावून. मग पाण्याने धुवायचं आणि पुढचे एक-दोन दिवस शाम्पू नाही. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला हे लावत नाहीत.

आणि लगेच घाबरायचं नाही. लावल्यानंतर आठ ते बारा तासांनी काही उवा हलताना दिसल्या, पण सुस्तावलेल्या, पाय ओढत चालणाऱ्या, तर औषध काम करतंय. पुन्हा लावू नका, फणीने काढा. बारा तासांनंतरही एकही मेलेली नाही आणि सगळ्या पूर्वीइतक्याच चपळ, तेव्हाच औषध निकामी ठरवायचं. असं होऊ शकतं. पर्मेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा बऱ्याच देशांत आढळल्या आहेत. मग डॉक्टर दुसरं काही देतात, आयव्हरमेक्टिनसारखं. त्याची गोळी १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून ती दुकानातून परस्पर आणायची नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही. नीट लावल्यावर त्याच लोशनने दुसऱ्या दिवशी टिश्यूवर मेलेल्यांचा सडा पडला.

दुसरी फेरी: नववा दिवस गॅदरिंगचा होता

डॉक्टरांनी चिठ्ठीवर "९व्या दिवशी परत" लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. नववा दिवस म्हणजे शाळेचं गॅदरिंग. मुलगी कोळीनृत्यात, डोक्यात गजरा, अंबाड्याला पंचवीस पिना. त्या रात्री कोण केस धुणार? शिवाय डोकं शांत होतं. मी म्हटलं, उवा नाहीतच तर औषध कशाला. दहाव्या, अकराव्या दिवशी वर्षअखेरीच्या विवरणपत्रांत अडकले. बाराव्या दिवशी कालनिर्णयवर तीन खसखशी चिकटल्या, पंधराव्या दिवशी दोन ओवे. एकोणिसाव्या दिवशी मी धावतपळत औषध लावलं आणि स्वतःला सांगितलं, चला, दुसरा डोस झाला.

नव्हता झाला. हा भाग मला सगळ्यात उशिरा कळला, म्हणून जरा सविस्तर.

पर्मेथ्रिन उवा मारतं, लिखा नाही मारत. आज औषध लावलं, तर आजच सकाळी घातलेली लीख साधारण नवव्या दिवसापर्यंत फुटणार. म्हणजे नवव्या दिवशी डोक्यावर लिखा जवळपास सगळ्या फुटलेल्या असतात आणि पिल्लं बाहेर आलेली असतात, पण त्यातली बहुतेक अजून लिखा घालायच्या वयाची झालेली नसतात. तेवढीच एक फट असते. तिसऱ्या दिवशी दुसरा डोस दिलात तर निम्म्याहून जास्त लिखा अजून बंद कवचात बसलेल्या. विसाव्या दिवशी दिलात तर पहिल्या पिल्लांनी नव्या लिखा घालून टाकलेल्या, म्हणजे तो दुसरा डोस राहतच नाही. तो नव्या फेरीचा पहिला डोस होतो आणि मोजणी शून्यापासून. काही लिखा रेंगाळतात म्हणून काही डॉक्टर ०व्या (पहिल्यांदा लावलं तो), ७व्या आणि १३ ते १५व्या दिवशी असे तीन डोस देतात. डॉक्टरांनी जे लिहून दिलंय ते पाळा, पण दिवस मोजताना हातावर नका मोजू. मी मोबाईलमध्ये सकाळी सातचा गजर लावला, नाव दिलं "जीएसटी भरणे", कारण ते मी चुकवत नाही.

औषधाशिवायही हे जमतं, फक्त वेळ जास्त लागतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेचा सल्ला आहे की ओल्या केसांत बारीक फणी पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी फिरवा, आणि सतराव्या दिवशी तपासा. गणित तेच, पिल्लू मोठं व्हायच्या आत पकडायचं. कमरेपर्यंतच्या केसांना एका वेळेला आम्हाला पाऊण तास लागला. कार्टून लावून दिलं तर मूल बसतं. आमची बसली, मीच उठून चहा करायला गेले.

तिसरी फेरी: तीळ आला कुठून

जानेवारीत सगळं चोख केलं. शून्याव्या दिवशी औषध, नवव्या दिवशी औषध, मध्ये फणी. तेराव्या दिवशी कोरी, सतराव्या दिवशी कोरी. विसाव्या दिवशी एकच ऊ, चांगली टपोरी, पोटात गडद ठिपका असलेली. अख्खा तीळ. खसखस एकही नाही.

तेव्हा पहिल्यांदा मी कालनिर्णयची मागची पानं उलटून बघितली. विसावा दिवस सोमवार होता. त्याआधीच्या शनिवार-रविवारी मुलगी हडपसरला आत्याकडे राहायला गेली होती. दर पंधरा दिवसांनी जाते. दोघी बहिणी एका पलंगावर, एका उशीवर, एकाच मोबाईलमध्ये डोकी घालून. दीड सेंटिमीटरवरच्या पहिल्या लिखा दिवाळीच्या, आणि दिवाळीची सुट्टीही तिथेच.

आता नणंदेला फोन करणं आलं. ज्यांना मोठी नणंद आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

"ताई, जरा तुमच्या पोरीचं डोकं बघता का?"

"वहिनी, आमच्याकडे असलं काही नाही हं. आम्ही रोज शाम्पू करतो. तुमच्याकडूनच आल्या असतील तर बघा."

यातलं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. दोन डोकी दर पंधरवड्याला भेटतात तेव्हा आधी कुणाच्या हा प्रश्नच फजूल. एक घर साफ होतं, दुसरं घर त्याला परत उवा देतं, मग पहिलं घर व्याजासकट फेडतं. आणि शाम्पूने उवा जात नाहीत. पाण्याखाली ऊ केस घट्ट धरून तासन् तास तग धरते. तिला स्वच्छ केस आणि मळके केस यातला फरक कळत नाही, रक्ताशी मतलब. पण हे फोनवर मी सांगितलं असतं तर पुढची दिवाळी अवघड गेली असती.

सासूबाईंनी फोन घेतला. "अगं, दुसरीत होतीस तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्यात ओसरीवर बसून रोज संध्याकाळी तुझं डोकं बघायचे मी. तूच नाही, वाड्यातल्या सगळ्या पोरी ओळीने बसायच्या. विसरलीस होय? बघ मुकाट्याने."

रविवारी आम्ही फणी, लोशनच्या बाटल्या आणि सेलोटेप घेऊन हडपसरला गेलो. भाचीच्या डोक्यात तिन्ही आकार मिळाले, आणि तिला खाज फारशी नव्हतीच, काहींना नसते. नणंदेच्या डोक्यात चार. माझ्या डोक्यात एक, कानामागे, जिथे माझा हात कधी पोचत नव्हता आणि दुसऱ्या कुणी बघितलंही नव्हतं. सासूबाईंच्या अंबाड्यात दोन, यावर त्या दिवसभर बोलल्या नाहीत. नवऱ्याला टक्कल आहे, तो सुटला, म्हणून सेलोटेप कापायचं काम त्याच्याकडे दिलं. नणंदेचे यजमान त्या दिवशी "ऑफिसला" गेले होते, रविवारी.

नियम साधा ठेवला. जिवंत ऊ सापडली त्या प्रत्येकाला, आणि त्याच्या शेजारी एका पलंगावर झोपणाऱ्याला, एकाच दिवशी औषध. बाकीच्यांची नुसती तपासणी. उगाच सगळ्या सोसायटीला लोशन लावायचं नाही. शाळेत वर्गशिक्षिकेला आणि रिक्षातल्या दोन मुलींच्या आयांनाही मी सांगितलं. एकीने फोन पटकन ठेवला. दुसरी म्हणाली, "बरं झालं तुम्ही बोललात, आमच्याकडे महिनाभर चाललंय, मी कुणाला सांगत नव्हते."

परत आल्या नव्हत्याच, असंही होतं

मध्ये एकदा मी उगाचच घाबरले. टाळूपासून दोन सेंटिमीटरवर पांढऱ्या चमकदार लिखांची माळ दिसली. त्या रिकाम्या टरफली होत्या, दोन महिन्यांपूर्वीच्या. भरलेली लीख तपकिरी, मळकट आणि टाळूला अगदी खेटून असते. टाळूपासून ६ मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या लिखा बहुधा फुटलेल्या किंवा मेलेल्या असतात. नुसत्या तशा लिखा आहेत आणि ओल्या फणीत एकही जिवंत ऊ येत नाही, तर औषध नको. त्या दिसायला नको असतील तर नखाने ओढून काढा. कोंडा असेल तर फुंकरीने हलतो, लीख हलत नाही. औषधानंतर काही दिवस खाज राहते, तीही लाळेची जुनी ॲलर्जी. माझी मुलगी तर शाळेच्या रिक्षेत "उवा" हा शब्द निघाला तरी डोकं खाजवते. हे लिहिताना मीही खाजवतेय.

घर धुण्याबद्दल थोडक्यात. पहिल्या फेरीत मी गाद्या उन्हात टाकल्या, सोफ्यावर फवारा मारला, बाहुल्यांचे कपडे उकळले, पेस्ट कंट्रोलवाल्याला भाव विचारला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. डोक्यावरून पडलेली ऊ दोन दिवसांत मरते आणि गळून पडलेल्या केसावरची लीख टाळूच्या उबेशिवाय फुटत नाही. शेवटच्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, टॉवेल, टोपी, स्कार्फ गरम पाण्यात, ५४ अंशांच्या वर, धुतले की पुरे. फण्या-कंगवे तसल्याच गरम पाण्यात दहा मिनिटं. धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे माळ्यावर. फवारा घरात मारूच नका, उवांपेक्षा मुलांना त्रास जास्त.

उपायांपैकी एकाबद्दल मात्र ओरडून सांगायचंय. सीताफळाच्या बियांची पूड. सासवड-पुरंदरकडची सीताफळं आपल्याकडे ढिगाने येतात, बिया वाळवून ठेवायची घरोघरी पद्धत आहे, आणि त्या पुडीने उवा मरतातही. पण ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होते. अशा रुग्णांच्या नोंदी भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनीच केल्या आहेत. डोकं धुताना पाणी डोळ्यांत जाणार नाही याची खात्री नऊ वर्षांच्या मुलीची कोण देणार? आमच्याकडे बरणीभर पूड होती, मी ती फेकली. रॉकेलचं तर नावच नको, टाळू भाजते आणि जवळ देवघरातली समई असते. कापूर घातलेलं तेलही लहान मुलांना नको. पोटात गेला तर कापराने झटके येऊ शकतात.

टाळूवर खाजवून पू झाला, खपल्या धरल्या, मानेमागे गाठी सुजल्या, ताप आला, तर फणी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. तो उवांनंतरचा जंतुसंसर्ग असतो, त्याला वेगळं औषध लागतं. बाकी डोक्यातल्या उवा रोग पसरवत नाहीत. टायफस (टायफॉइड नव्हे, वेगळा ताप) ज्या पसरवतात त्या अंगावरच्या, कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या उवा. शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ते दाखवून दिलं आणि त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. त्यामुळे शाळेतून मुलीला घरी पाठवा म्हणणाऱ्यांना शांतपणे नाही म्हणा.

हडपसरचा रविवार शून्य धरला तर नववा दिवस मंगळवार. सोमवारी रात्री साडेदहाला नणंदेने फोटो पाठवला: टिश्यू, त्यावर सेलोटेपचा तुकडा, शेजारी मापाला ठेवलेली सुई. खाली लिहिलं होतं, "वहिनी, ही खसखस का ओवा?"

झूम करून बघितलं. खसखस होती. उत्तर टाकलं, "खसखस. बरोबर वेळेवर आलीये. उद्याचा डोस चुकवू नका, आणि त्याआधी तेल लावू नका."